नुसते ‘नेटल’ लिहून भागत नाही

खानदेशातील हर्बल शाम्पू, तेल आणि कॅप्सूल बनवणाऱ्या बचत गटांना व लघुउद्योजकांना खुले पत्र

ताई आणि भाऊंनो,

सप्रेम नमस्कार.

माका, जास्वंद, शिकेकाई यांच्या बाटल्यांशेजारी आता ‘नेटल शाम्पू’, ‘नेटल हेअर ऑइल’, ‘नेटल कॅप्सूल’ दिसू लागल्या आहेत. माल चांगल्या मनाने बनवला जातो, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण बाटलीत नेमके काय आहे, हे बनवणाऱ्यालाच पुष्कळदा सांगता येत नाही. पोत्यावर ‘नेटल एक्स्ट्रॅक्ट’ एवढेच लिहिलेले असते आणि तेच शब्द पुढे लेबलावर उतरतात. कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग, कशात काढलेला अर्क आणि किती, या चार गोष्टी कळल्याशिवाय नेटल विकू नका, एवढेच सांगायला हे पत्र लिहीत आहोत.

नेटल म्हणजे अर्टिका डायोइका, अंगाला लागली की झोंबणारी, खाज आणणारी वनस्पती. उत्तराखंडात तिला कंडाली किंवा बिच्छू घास म्हणतात, नेपाळात सिस्नु. थंड हवा, ओलावा आणि खताळ जमीन मिळाली की ती फोफावते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर तापणारा आपला तापीकाठ तिचा नाही. त्यामुळे खानदेशात विकला जाणारा नेटलचा प्रत्येक ग्रॅम बाहेरून, वाळलेल्या पानाच्या किंवा तयार अर्काच्या रूपात येतो. कुणी ‘सातपुड्यातून ताजे आणून देतो’ म्हणाले, तर तिथेच थांबा.

कारण सातपुड्यात अंगाला खाज आणणाऱ्या वनस्पती आहेत, पण त्या वेगळ्या. खाजकुयलीचा वेल सगळ्यांना माहीत आहे. आग्या, खाजकोलती या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतीही आहेत. ‘खाज आणणारा पाला हवा’ एवढाच निरोप गेला, तर गोळा करणारा माणूस यांतले काहीही आणेल, आणि त्याची काही चूक नाही. फरक मात्र जिवाशी येण्याइतका आहे. नेटलचा केस म्हणजे सिलिकाच्या टोकाची बारीक सुई. टोक मोडले की आतले हिस्टामिन, अॅसिटिलकोलिन, सेरोटोनिन कातडीत उतरते. पान वाळवून चुरडले किंवा शिजवले की हा दंश संपतो, म्हणून नेटलचा अर्क झोंबत नाही. खाजकुयलीच्या शेंगेवरच्या लवेत म्युकुनेन नावाचे प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम) असते, आणि ती लव वाळल्यावरही तितकीच खाजवते. ती तेलात गेली तर गाळण्यातून सुटलेले चार केसही गिऱ्हाइकाच्या डोक्यावर आग लावतील. शिवाय खाजकुयलीच्या बियांत, म्हणजे कवचबीजात, लेव्होडोपा असते. पार्किन्सनच्या औषधातले द्रव्य तेच. ते नेटल समजून कॅप्सूलमध्ये भरणे हा अपघात कुणाच्याही हातून होऊ नये.

ओळख पटवायची सोपी रीत सांगतो. पुरवठादाराकडून पावडर घेण्याआधी त्याच बॅचचे शंभर ग्रॅम न कुटलेले, देठ-काडीसकट वाळलेले नमुने मागा. मूठभर कोमट पाण्यात वीस मिनिटे भिजवा आणि पांढऱ्या थाळीत पसरा. नेटलची काडी चौकोनी असते आणि पाने समोरासमोर जोडीने येतात. कडा करवतीसारख्या, तळ हृदयाच्या आकाराचा. आग्या आणि खाजकोलती यांची पाने एकाआड एक येतात, खाजकुयलीची त्रिदल असतात. देठ-काडी असली की एवढे डोळ्यांनीच कळते. पावडर झाली की यातले काहीच उरत नाही.

मग दहापट भिंग घ्या. पानाच्या मागच्या शिरेवर काचेसारखे, तळाशी फुगीर केस दिसतील, बरेचसे टोकाला मोडलेले. पृष्ठभागावर खडूच्या कणासारखे बारीक ठिपके असतात, ते कॅल्शियम कार्बोनेटचे खडे. त्यावर प्रयोगशाळेतल्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकला की भिंगाखाली बुडबुडे उठताना दिसतात. हातमोजे घालून, उघड्या खिडकीशी करा. हा पुरावा पुरेसा नाही, कारण वडाच्या आणि तुतीच्या पानांतही असे खडे असतात. पण बुडबुडा आलाच नाही, तर तो माल नेटलचा नाही असे धरून परत पाठवायला हरकत नाही. हिमालयात अर्टिकाच्या इतरही जाती उगवतात, त्यांची पानेही जोडीनेच येतात. तिथे भिंग हात टेकते, प्रयोगशाळा लागते.

प्रयोगशाळेकडून काय मागायचे? युरोपियन फार्माकोपियात, म्हणजे तिथल्या औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथात, नेटलच्या पानासाठी मापे दिली आहेत: वाळवताना होणारी घट १२ टक्क्यांपर्यंत, एकूण राख २० टक्क्यांपर्यंत, आम्लात न विरघळणारी राख ४ टक्क्यांपर्यंत, आणि कॅफिऑइलमॅलिक आम्ल व क्लोरोजेनिक आम्ल मिळून किमान ०.३ टक्के. एकूण राख जास्त आली म्हणून घाबरू नका, त्या खड्यांमुळे या पानाची राख मुळातच जास्त असते. आम्लात न विरघळणारी राख वाढली तर मात्र ती माती-वाळू आहे, म्हणजे तुम्ही वजनाने रेती विकत घेतली. फक्त क्लोरोजेनिक आम्लाचा आकडा दाखवणारे प्रमाणपत्र आम्ही अपुरे मानतो. ते आम्ल कॉफीतही भरपूर असते. जड धातूंसाठी आयुषच्या मर्यादा धरा: शिसे १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग), आर्सेनिक ३, कॅडमियम ०.३, पारा १. रस्त्याकडेच्या आणि उकिरड्यावरच्या जागेत ही वनस्पती जोमाने वाढते, म्हणून ही तपासणी टाळण्यासारखी नाही.

आता भागाबद्दल. पान आणि मूळ हे एकाच झाडाचे दोन वेगळे माल आहेत. पानात फिनॉलिक आम्ले, क्षार, हरितद्रव्य. मुळात स्कोपोलेटिन, बीटा-सिटोस्टेरॉल, लेक्टिन. युरोपात मुळाचा वापर वय वाढल्यावर पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी फुगून होणाऱ्या लघवीच्या तक्रारींसाठी मान्य आहे, तोही डॉक्टरने गंभीर आजार नाही हे पाहिल्यावर. जर्मनीच्या कमिशन ई ने, म्हणजे वनौषधी तपासणाऱ्या तिथल्या तज्ज्ञ समितीने, मुळाची रोजची मात्रा ४ ते ६ ग्रॅम दिली आहे. पानाची ८ ते १२ ग्रॅम, आणि तिचा उपयोग वेगळा: मूत्रमार्ग धुऊन निघावा म्हणून, आणि सांधेदुखीत. म्हणजे मुळाची माहिती छापून पानाची पावडर भरलेली कॅप्सूल ही सरळ चुकीची वस्तू झाली. आणि ५०० मिलिग्रॅमची, मुळाच्या साध्या पावडरची कॅप्सूल दिवसाला दोन घेतली, तर पोटात गेले १ ग्रॅम, त्या मात्रेच्या पाव भागाहून जास्त नाही. हा हिशोब गिऱ्हाइकाने विचारण्याआधी आपण करायला हवा.

हिशोबाचाच दुसरा घोळ गुणोत्तराचा, आणि तो आम्हाला सर्वांत जास्त खटकतो. ‘१:१०’ आणि ‘१०:१’ हे आकडे दिसायला जुळे, अर्थाने उलटे. १:१० म्हणजे १ भाग पानाला १० भाग द्रावक (अर्क ज्यात उतरतो ते पाणी-ग्लिसरीन), हा पातळ ग्लिसरीन अर्क. १०:१ म्हणजे १० भाग पानापासून १ भाग कोरडा अर्क. दोन्ही एकेक ग्रॅम घेतले तर पानाच्या हिशोबात शंभरपट फरक पडतो. शंभर ग्रॅम शाम्पूत पातळ अर्क ३ टक्के घातला तर पान गेले ०.३ ग्रॅम. कोरडा अर्क ०.३ टक्के घातला तर गेले ३ ग्रॅम. त्यात कोरड्या अर्कात माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनवलेली भरीची पावडर) किती मिसळले आहे, हे पत्रकात लिहिलेले नसेल तर १०:१ या आकड्याला काही अर्थ नाही. अर्धे माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे अर्धा अर्क. आयोडीनचा थेंब टाकून निळा-काळा रंग आला तर साधा स्टार्च घातला आहे हे कळते. माल्टोडेक्स्ट्रिन मात्र या थेंबाला दर वेळी सापडत नाही, ते लेखीच मागा.

तयार अर्क घेण्यापेक्षा परवानाधारक जागेत स्वतः काढणे जमत असेल, तर आम्ही तेच सुचवू. कृती वजनावर आहे, मापट्यावर नाही. ग्लिसरीन पाण्यापेक्षा जड असते, मापट्याने घेतले की प्रमाण हुकते.

वाळलेले पान १०० ग्रॅम. काड्या निवडून टाका, मग दोन ते पाच मिलिमीटर जाड कुटा. पिठासारखे दळू नका. बारीक दळले की गाळताना कापडावर चिखल बसतो आणि निम्मा अर्क त्यातच अडकतो. ४५० ग्रॅम पाणी ८० अंशांपुढे तापवून पानावर ओता, झाकून अर्धा तास ठेवा. पाणी डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड घ्या. बोअरचे पाणी नको, त्यातल्या कॅल्शियममुळे नंतर बाटलीच्या तळाशी पांढरा गाळ बसतो. आता ५५० ग्रॅम ग्लिसरीन मिसळा आणि भांडे गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून ६० अंशांवर तीन तास ठेवा, दर पंधरा मिनिटांनी ढवळत. थंड पद्धतीने सात दिवस भिजवत ठेवायलाही हरकत नाही, पण पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेत ते सात दिवस म्हणजे सात दिवस ऊब, त्याने रंग काळपटतो. उन्हाळ्यात गरम पद्धतच बरी. भांडे स्टेनलेस स्टीलचे हवे. लोखंडी कढईत यातली फिनॉलिक द्रव्ये लोहाशी मिळून हिरवट-काळी होतात, मग तो रंग कशाने जात नाही.

मलमलीत बांधून चांगले पिळा. पान आपल्या वजनाच्या तिप्पट-चौपट द्रव धरून ठेवते, म्हणून हजार ग्रॅम द्रावकातून सातशेच्या आसपास अर्क हाती येतो. इथे सगळ्यांत जास्त होणारी चूक: ‘कमी भरले’ म्हणून चोथ्यावर पाणी ओतून पुन्हा पिळणे आणि त्यात मिसळणे. त्याने ग्लिसरीन ५५ टक्क्यांच्या खाली येते आणि आठवड्याभरात झाकणाच्या आतून बुरशीचे वर्तुळ धरते. ५५ टक्के ग्लिसरीनमध्ये बहुतेक जिवाणू थांबतात, बुरशी थांबत नाही. संरक्षक, म्हणजे माल टिकवणारे द्रव्य, म्हणूनच घालायचे. अर्क एक रात्र झाकून ठेवा, सकाळी वरचा नितळ भाग गाळणकागदातून काढा. ७०० ग्रॅम अर्काला सोडियम बेंझोएट २.१ ग्रॅम आणि पोटॅशियम सॉर्बेट १.४ ग्रॅम, म्हणजे ०.३ आणि ०.२ टक्के. आधी हे क्षार पूर्ण विरघळवा, मग १० टक्के सायट्रिक आम्लाचे द्रावण थेंबथेंब घालत, ढवळत, पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितके आम्ल जास्त) ४.५ ते ५ वर आणा. उलट क्रमाने केले किंवा आम्ल एकदम ओतले तर बेंझोइक आम्लाचे पांढरे कण सुटतात. पीएच मोजल्याशिवाय सोडू नका. नेटलचा पानअर्क मुळात ७ च्या आसपास किंवा वर असतो, आणि त्या पीएचला ही दोन्ही संरक्षके जवळपास निकामी असतात.

तयार अर्काचा रंग तपकिरी, चहासारखा येतो. आणलेला पाण्यात विरघळणारा ‘नेटल अर्क’ पोपटी हिरवा असेल तर त्यात रंग घातला आहे, बहुधा कॉपर क्लोरोफिलिन. नेटलच्या पानापासून हरितद्रव्य काढले जाते, हे खरे. पण ग्लिसरीन-पाण्यात ते फारसे उतरत नाही. गिऱ्हाइकाला हिरवे आवडते, म्हणून मालाला हिरवे करू नका.

तेलाचे याच्या उलट. खोबरेल किंवा तिळाच्या तेलात वाळलेले पान गरम केले की तेल छान हिरवे होते, कारण हरितद्रव्य तेलात विरघळते. पण लोह, सिलिका, बाकीचे क्षार तेलात उतरत नाहीत. ‘नेटलमधील सिलिका व लोहामुळे केसांना बळ’ असे तेलाच्या बाटलीवर लिहिणे म्हणजे बाटलीत नसलेल्या वस्तूचे नाव छापणे होय. शिवाय भिजवलेले किंवा नीट न वाळलेले पान तेलात टाकले, तर ओलाव्यामुळे तेल खवट होते आणि तळाला बुरशी धरते.

शाम्पूत अर्क शेवटी, मिश्रण ४० अंशांखाली आल्यावर, १ ते ३ टक्के घाला. अर्कामुळे दाटपणा कमी होतो, म्हणून मीठ घालून घट्ट करण्याचे काम अर्कानंतरच करा. आधी केले तर दुसऱ्या दिवशी शाम्पू पाण्यासारखा वाहतो आणि मग वरून मीठ घालत गेले की एका टप्प्यावर एकदम पातळ होऊन बसतो. डायसोडियम ईडीटीए (धातू बांधून ठेवणारे द्रव्य) ०.१ टक्का घातले तर धातूंमुळे होणारा रंगबदल आवरतो. अर्कातले संरक्षक शाम्पूत विरळ होते, त्यावर शाम्पू टिकत नाही. शाम्पूला स्वतःचे संरक्षक लागते. बाटल्या ४५ अंशांवर बारा आठवडे ठेवून वास, रंग, पीएच, दाटपणा दर पंधरवड्याला लिहून ठेवा. भुसावळच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात उन्हाळ्यात तेवढेच तापते, त्यामुळे ही तपासणी आपल्यासाठी कागदी नाही. शेवटी एका ग्रॅममध्ये १,००० पेक्षा जास्त जंतू नकोत.

दाव्यांबद्दल स्पष्ट बोलावे लागेल. नेटलचा अर्क डोक्याला लावल्याने टकलावर केस उगवतात, असे माणसांवरच्या भक्कम पुराव्याने सिद्ध झालेले नाही. मुळाचा अर्क प्रयोगशाळेतल्या काही चाचण्यांत विकरावर परिणाम दाखवतो. ते शाम्पूच्या दोन मिनिटांच्या फेसाला लागू होत नाही. टक्कल आणि अकाली पांढरे केस हे औषध नियमांच्या शेड्यूल जे मध्ये आहेत, म्हणजे ते बरे करण्याचा दावा औषधालाही करता येत नाही. प्रोस्टेटचे विकार आणि मधुमेह १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या यादीत आहेत. ‘केस स्वच्छ व मऊ ठेवतो’ एवढे लिहा. ते खरे आहे आणि शाम्पूला पुरेसे आहे.

परवान्याचे थोडक्यात: शाम्पू, तेल, क्रीम यांसाठी कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे अन्न व औषध प्रशासनाचा सीओएस-८ परवाना लागतो. स्वतःची जागा नसेल तर दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घेण्यासाठी सीओएस-९. कॅप्सूल हा वेगळाच रस्ता आहे, अन्न सुरक्षेच्या न्यूट्रास्युटिकल (पूरक आहाराच्या) नियमांचा किंवा आयुष परवान्याचा. लोणचे-पापडाच्या साध्या नोंदणीवर कॅप्सूल भरता येत नाही. आमचे मत असे की बचत गटांनी तूर्त कॅप्सूलच्या वाटेला जाऊ नये. पानामुळे लघवी वाढते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजाराने सूज असलेल्यांना, गर्भवतींना ते देऊ नये. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन चालू असेल तर पानातले व्हिटॅमिन के आडवे येते. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. लघवी अडते, रक्त दिसते, ताप येतो, अशा माणसाला कॅप्सूल नव्हे, दवाखाना दाखवायचा. काउंटरवर उभ्या असलेल्या ताईला हे सगळे विचारता येणार नसेल, तर ती वस्तू काउंटरवर नको.

लेबलावर घटकांच्या यादीत ‘अर्टिका डायोइका लीफ एक्स्ट्रॅक्ट’ असे पूर्ण लिहा, मूळ असेल तर ‘रूट’. एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने येतात, त्याखालचे कसेही लिहिता येतात, म्हणून नेटल यादीत वर दिसले तरी ते भरपूर आहे असे होत नाही. आमची विनंती आहे की कायदा मागत नसला तरी एक ओळ जास्त छापा: ‘नेटल पानाचा ग्लिसरीन अर्क १:१०, ३ टक्के.’ सोबत बॅच नंबर, वापराची अंतिम तारीख, आणि ‘आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास पाहा’ ही सूचना. प्रत्येक बॅचच्या दोन सीलबंद बाटल्या मुदत संपेपर्यंत कपाटात ठेवा. तक्रार आली तर बोलायला तेवढाच पुरावा असतो.

हे सगळे परवडत नाही असे वाटले तर नेटलवाचून काही अडत नाही. माका, जास्वंद, शेवग्याचा पाला आपल्या बांधावर आहे, कुणी तोडला आणि कधी वाळवला हे आपल्याला सांगता येते. नेटल घ्यायचेच असेल तर तीन-चार गटांनी मिळून एकच २५ किलोचे पोते मागवा आणि तपासणीचा खर्च वाटून घ्या. पोते उघडण्याआधी त्यावरचा बॅच नंबर आणि प्रयोगशाळेच्या अहवालावरचा नंबर शेजारी ठेवून वाचा. जुळला नाही तर शिवण उसवू नका.

आपले,
औषधी वनस्पतींची तपासणी आणि प्रसाधनांचे फॉर्म्युलेशन करणारे सहकारी
जळगाव, धुळे, नंदुरबार